सहा रविवार, एक चादर आणि अ‍ॅलेक्स रॉस: सोलापुरातल्या पोस्टर कलरच्या क्लासचा माझा अनुभव

आधीच सांगते, मी चित्रकार वगैरे काही नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनला आहे, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर जॅकार्डचे चौकोन भरत बसायचं, कुठला धागा वर आणि कुठला खाली. ब्रश हातात शेवटचा धरला तो शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला, त्यात बी ग्रेड आली आणि तिथंच तो विषय मिटला. क्लास लावला तो भाच्यामुळं. भाचा नववीत, गणिताच्या वहीत मागनं पुढपर्यंत स्पायडरमॅन. बहीण म्हणाली एकट्याला पाठवायचं नाही मला, तू पण जा, नाहीतरी रविवारी दहापर्यंत लोळतच असतेस की. गेले मग.

क्लास पूर्व भागात आहे, कन्ना चौकापासून चालत पाच-सात मिनिटं. खाली पूर्वी माग होते, आता गोडाऊन आहे, वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली. सहा रविवार, सकाळी नऊ ते बारा, फी १८०० आणि त्यात कागद-रंग धरून. बोर्ड नाही, नाव नाही, ओळखीतनं कळतं. सरांचं नाव मी इथं टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. पूर्वी ते सिनेमाचे बॅनर रंगवायचे, ते सांगितलं तरी चालेल कारण त्या काळात सोलापुरात बॅनर रंगवणारे ते एकटे नव्हते. भागवत थिएटरच्या बाहेर एवढाले मोठे हातानं रंगवलेले चेहरे लागायचे, ते माझ्या पिढीनं शेवटचे शेवटचे पाहिलेत. मग फ्लेक्स आला आणि एका रात्रीत एवढा मोठा चेहरा छापून मिळायला लागला, विषय संपला.

मला वाटलेलं हे गृहस्थ आम्हाला घोडा, बैलगाडी, सूर्यास्त असलं शिकवणार. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं, कडा झिजलेल्या, चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि म्हणाले, "हे बघा, ह्यो माणूस आपल्यातलाच हाय. बॅनरवालाच हाय, फक्त अमेरिकेत जन्मला."

ते अमेरिकन कॉमिक्स रंगवणाऱ्या अ‍ॅलेक्स रॉसच्या चित्रांचं पुस्तक होतं. भाचा तिथंच उडाला, कारण त्याला कॉमिक्स म्हणजे काळी रेघ आणि आत भरलेला रंग एवढंच माहीत. इथं तर सुपरमॅनच्या कोपरापाशी कापडाला सुरकुत्या, कानशिलाला पिकलेले केस, छाती भरलेली पण जिममधल्या पोरासारखी नाही तर शेतात राबलेल्या पन्नाशीच्या माणसासारखी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो आमच्या मोठ्या काकांसारखा वाटला, खरंच सांगते. लाल चड्डी घातलेले काका.

रॉसची गोष्ट सरांनी एका दमात नाही सांगितली, लाईट गेली की सांगायचे, आणि लाईट सहापैकी चार रविवारी गेली. जन्म १९७०, पोर्टलँडचा, वाढला टेक्सासमधल्या लबकला. वडील चर्चमधले पाद्री, आई कमर्शियल आर्टिस्ट. आई शिकागोच्या ज्या अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्टमध्ये शिकली तिथंच हा पण शिकला. बाहेर पडल्यावर लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीत स्टोरीबोर्ड काढायला लागला, म्हणजे जाहिरातीचं शूटिंग व्हायच्या आधी प्रत्येक शॉट कसा दिसेल ते भराभर काढून द्यायचं. सर इथं थांबले आणि म्हणाले, नोकरीत हात बसतो बघा, कलेत नुसतं मन बसतं. मला टॉवेलच्या डेडलाइन आठवल्या.

पहिलं मोठं काम १९९० मध्ये, टर्मिनेटरवरचं एक कॉमिक. ते फार कुणी बघितलं नाही. नाव झालं ते १९९४ ला, मार्व्हल्स या कॉमिकनं, लेखक कर्ट ब्युसिक. मग १९९६ ला किंगडम कम, लेखक मार्क वेड. दोन वर्षांत मार्व्हल आणि डीसी या दोन्ही मोठ्या कंपन्यांचे हिरो या एका माणसानं आपल्या नजरेनं बदलून टाकले. आणि एक मजेशीर गोष्ट, तिकडं कॉमिक्सचं एक साप्ताहिक दरवर्षी वाचकांचा आवडता पेंटर निवडायचं, रॉस लागोपाठ सात वर्षं जिंकला, शेवटी त्यांनी तो पुरस्कारच बंद केला. भाचा म्हणाला, "आमच्या शाळेत पण रांगोळीत एकच पोरगी जिंकते, तिच्यामुळं बंद करा की मग." २००२ च्या ऑस्करचं पोस्टर पण यानंच रंगवलं. ते सांगताना सरांचा आवाज जरा वेगळा झाला, पोस्टर शब्दामुळं असेल.

आता क्लासवर येते, कारण पैसे त्याचे दिलेत.

पहिल्या रविवारी रंगच नाही. नुसता उजेड. सरांनी खोलीची खिडकी पोत्यानं झाकली, एक जुना शंभरचा पिवळा बल्ब पत्र्याच्या नरसाळ्यात बसवून एका बाजूनं लावला आणि आमच्यातल्या एकाला स्टुलावर उभं केलं, खांद्यावर लाल सोलापुरी चादर. केपच्या जागी. सगळे हसले, तो पोरगा पण हसत होता. मग बल्ब लागला आणि हसणं थांबलं, कारण खरंच, अर्धा चेहरा अंधारात गेला आणि चादरीच्या घड्या अशा दिसायला लागल्या की मी रोज आठ तास कापडाचं काम करते पण कापड असं कधी बघितलंच नव्हतं. चादर जाड असते ना, तिची घडी साडीसारखी बारीक पडत नाही, मोठी आणि जड पडते, वरच्या बाजूला उजेडाची एक पट्टी, मग अचानक काळं, आणि त्या काळ्याच्या आत परत जराशी लाली, स्टुलाखालच्या फरशीवरनं उजेड उलटा येतो त्याची. ती आतली लाली सरांनी पेनच्या टोकानं दाखवली. म्हणाले रॉसचं सगळं दुकान ह्या लालीवर चालतं.

तर रॉसची पद्धत अशी. आधी छोटी छोटी कच्ची चित्रं, पान कसं बसणार ते. मग माणसं उभी करायची, मित्र, घरचे, ओळखीचे, कपडे घालून, एका बाजूनं दिवा लावून फोटो काढायचे. किंगडम कममध्ये ज्याच्या डोळ्यांनी सगळी गोष्ट दिसते तो म्हातारा पाद्री आहे ना, नॉर्मन मॅकके, त्याला रॉसनं स्वतःच्या वडिलांवरनं काढलाय, आणि वडील खरेच पाद्री. फोटो झाले की पेन्सिलचं पक्कं ड्रॉइंग. त्यावर काळ्या रंगाचे पातळ हात देऊन अख्खं चित्र आधी काळं-पांढरं पुरं करायचं, सावल्या, उजेड, चेहऱ्याचा गोलावा, सगळं. आणि मग शेवटी त्याच्यावर रंग. बहुतेक गवाश, म्हणजे आपल्याकडं पोस्टर कलर म्हणतो त्याच जातीतला, डिंक घातलेला, पाण्यात चालणारा पण झाकणारा रंग. चमक, धुकं, आगीची झळाळी असं काही असलं तर थोडा एअरब्रश.

तिकडं कॉमिक्सचं काम खरं तर आमच्या कारखान्यासारखं चालतं, एक पेन्सिल करतो, दुसरा शाई, तिसरा रंग, चौथा अक्षरं. हा बाबा पेन्सिलपासून रंगापर्यंत एकटा. म्हणून तर वेळ लागायचा. पुढं २००५ पासून जस्टिस नावाची मालिका आली तिच्यात मात्र पेन्सिल डग ब्रेथवेटची आणि वरनं रंग रॉसचे.

एअरब्रश आमच्याकडं कुठनं असणार. सरांनी दात घासायचा ब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासून दाखवला, शाळेत स्प्रे वर्क करायचो तसंच. आगीच्या कडेला बारीक ठिपके बसले की ती आग लांबनं तापलेली वाटते. हा प्रकार भाच्याला इतका आवडला की घरी बाथरूमची भिंत गेली.

दुसरा आणि तिसरा रविवार नुसतं काळं-पांढरं. इथं बरेच लोक कंटाळले. आम्ही बारा जण होतो, तिसऱ्या रविवारी नऊ उरलो. भाचा तर तोंड वाकडं करून बसला होता, सर मागनं आले, "काय करलालास बे?" तो म्हणाला, रंग कधी? सरांनी त्याच्याच मोबाईलवर चादरीचा फोटो काळा-पांढरा करून त्याच्या चित्राशेजारी धरला. चित्रात सगळीकडं एकच करडा. फोटोत तीन वेगवेगळे काळे. काही बोलले नाहीत, फोन परत दिला आणि गेले. तो पोरगा मग बारा वाजून गेले तरी उठेना.

मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडला. जॅकार्डमध्ये पण असंच असतं, रंग बदलून डिझाइन सुधारत नाही, आधी विणीत खोली पाहिजे. दहा वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगतेय हे.

चौथ्या रविवारी रंग, आणि माझं वाटोळं. चादर लाल करायची होती. मी पाणी जरा जास्त घेतलं, ब्रश एकदा फिरवला, बरं दिसलं, म्हणून परत फिरवला, आणि खालचा काळा उठून वर आला. लालची झाली विटकरी, विटकरीचा झाला चिखल, दोन रविवारची मेहनत दहा सेकंदात. हा रंग सुकला तरी पाण्यानं परत विरघळतो, हीच त्याची गंमत आणि हाच त्रास. सर म्हणाले, "घासायचं नाही ताई. ठेवायचा आणि उचलायचा. रंग म्हणजे पाहुणा हाय, एकदा बसवला की सारखं ऊठ-बस करायला लावायचं नाही." आणि दुसरी गोष्ट, फिका रंग सुकल्यावर थोडा गडद होतो, गडद रंग सुकल्यावर थोडा फिका, म्हणून ओला असताना जो शेड बरोबर वाटतो तो सुकल्यावर चुकलेलाच असणार. कडेला कागदाच्या तुकड्यावर आधी लावून, सुकवून बघायचं. आमच्याकडं डाइंगवाले पण आधी नमुना सुकवून बघतात, तेच.

एक वाद झाला तो लिहिते, कारण अशा पोस्टखाली तोच येणार. आमच्यात एक कॉलेजचा मुलगा होता, जीडी आर्टची, म्हणजे चित्रकलेच्या डिप्लोमाची, तयारी करणारा. तो म्हणाला फोटोवरनं काढायचं म्हणजे कॉपीच की, चीटिंग आहे. सरांनी बॅनरचं सांगितलं. निर्मात्याकडनं बारीक फोटो यायचा, त्यावर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखायचे, मग पावडरचा रंग जवसाच्या तेलात कालवून वीस फुटाचा चेहरा करायचा. परांचीवर उभं राहून डोळा रंगवताना तुम्हाला फक्त डोळाच दिसतो, चेहरा दिसतच नाही. फोटो सगळ्यांना सारखाच मिळायचा पण रस्त्यावरनं बघून कळायचं कुणाचा हात आहे. आणि आपल्या जिल्ह्यात पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन पण मुंबईत सिनेमाची होर्डिंगच रंगवायचे आधी.

मला विचाराल तर त्या मुलाचं पण अर्धं बरोबर होतं. रॉसची मारामारीची पानं मला थिजलेली वाटतात. घोळक्यात प्रत्येक जण पोज देऊन उभा, फोटो स्टुडिओत लग्नाचं वऱ्हाड उभं करतात तसं. साध्या रेघेच्या कॉमिक्समध्ये ठोसा बसला की पान हलतं, इथं हलत नाही. पण मार्व्हल्स मला त्याच कारणानं जास्त पटलं. त्यातला मुख्य माणूस फिल शेल्डन हा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आहे, साधा बायको-पोरं असलेला माणूस, तो खाली रस्त्यावर उभा राहून वर बघतो, डोक्यावरनं अवाढव्य जायंट-मॅन चाललाय, त्याच्या बुटाचा तळ दिसतोय. तिथं फोटोसारखं दिसणं हीच गोष्टीची गरज आहे. ती गोष्ट हिरोची नाहीच, हिरो बघणाऱ्यांची आहे, वारीत लांबनं कळस बघतो तसं. हे मी क्लासमध्ये बोलले तर सगळे माझ्याकडं बघायला लागले, टॉवेलवाल्या बाई काय बोलायला लागल्या म्हणून.

आणि एक नाव सरांनी घेतलं जे मला माहीतच नव्हतं, एस. एम. पंडित. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याचे, जन्म १९१६. मुंबईत सिनेमाची शोकार्डं आणि पोस्टरं केली, पुढं देवादिकांची कॅलेंडर. सरांनी एक जुनं कॅलेंडरचं पान दाखवलं, चौकट करून ठेवलेलं. देवच, पण दंडावरचा स्नायू खरा, कातडीवर खरा उजेड, दागिन्याची सावली छातीवर पडलेली. रॉस जन्मायच्या कितीतरी आधी आमच्याकडच्या एका माणसानं देवांना माणसाच्या अंगाचं करून ठेवलं होतं आणि ते वाण्याच्या दुकानात खिळ्याला लटकत होतं. बसनं अडीच-तीन तासावर आहे गुलबर्गा, आणि मला अमेरिकेतला पाद्र्याचा मुलगा आधी कळला. असो.

आता तक्रारी. नऊचा क्लास पावणेदहाच्या आत कधी सुरू झाला नाही. सर वेळेवर येतात, चहा पण वेळेवर येतो, पण चावी दुसऱ्याकडं असते. पत्र्याची खोली आहे, पंखा एकच, अकरानंतर भाजून निघता. रंग फीमध्ये आहेत म्हणाले पण बाटल्या जुन्या, पांढरा तर तळाशी दगड झालेला, चमच्यानं खरवडून पाण्यात मळला. पांढराच तर सगळ्यात जास्त लागतो यात! पाचव्या रविवारी मी नवी पेठेतनं स्वतःची नवीन बाटली आणली आणि फरक लगेच दिसला, गालावरचा उजेड एका हातात बसला. रॉसच्या पानांच्या झेरॉक्स वाटल्या त्या इतक्या काळ्या की वंडर वुमन आणि बॅटमॅन ओळखू येईना. रंगाचं शिकवायचं आणि झेरॉक्स काळी, हे काय बरोबर नाही, सरांना तोंडावर सांगितलं मी. त्यांनी पुस्तकच समोर ठेवलं, हात धुऊन बघा म्हणाले.

पुस्तकावरनं आठवलं, मी किंगडम कम ऑनलाइन मागवलं एका साइटवरनं, कोपरा चेमटलेला आला आणि पाकिटात बबल रॅपचा पत्ता नाही. परत पाठवायचं म्हटलं तर आठ दिवस जातात म्हणून ठेवून घेतलं. ज्यांना थोडक्यात रॉस बघायचाय त्यांनी सुपरमॅनचं पीस ऑन अर्थ बघा, १९९८ चं, मोठ्या आकाराचं. त्यात सुपरमॅन कुणाला मारत नाही, जगातल्या भुकेल्या लोकांना एक दिवस अन्न पोचवायला निघतो आणि ते सुद्धा त्याला धड जमत नाही. आमच्या आईला इंग्रजी येत नाही, तिनं नुसती चित्रं बघून अख्खी गोष्ट सांगितली मला, वर म्हणाली हा माणूस दमलाय. अलीकडं २०२२ ला त्याचं फॅन्टास्टिक फोरचं एक पुस्तक आलं, फुल सर्कल, लिहिलेलं पण त्यानंच. त्यात ही रंगवायची पद्धत सोडून रेघ आणि सपाट भडक रंग घेतलेत. भाच्याला ते जास्त आवडतं. मला नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माणूस आपला जमलेला हात बाजूला ठेवून दुसरं काही करून बघतो याचं मात्र कौतुक वाटलं.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाचं एक पूर्ण चित्र. भाच्यानं आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बसवलं. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, मिल बंद पडेपर्यंत. बल्ब बाजूला, खांद्यावर तीच चादर, आणि म्हणाले चष्मा काढू का? काढू नका म्हणाला हा. बाकी चित्र कच्चं आहे, हाताची बोटं तर भेंड्यांसारखी झालीत, पण चष्म्याच्या काचेच्या कडेनं गालावर उजेडाची एक बारीक रेघ पडली होती, ती त्यानं बरोबर पकडली, एकदाच ब्रश ठेवला आणि उचलला. सरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्याकडं गेले. वडील चित्र बघून म्हणाले, चादर आपल्या मिलची नाही ही, दुसरीकडची आहे, काठ बघ की.

पाचपैकी चार देते. एक कापला तो पंख्याचा आणि पांढऱ्या बाटलीचा. पोरांना आठवड्यात स्पायडरमॅन काढायला शिकवा म्हणणाऱ्यांनी जाऊ नका, तीन रविवार रंगाला हात लावू देत नाहीत. शाळकरी पोरांपेक्षा माझ्यासारख्या नोकरीवाल्यांना जास्त उपयोग होईल असं माझं मत, विशेष करून कापडात, छपाईत, फ्लेक्सच्या डिझाइनमध्ये असलेल्यांना. पुढची बॅच जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्यावर आहे, दहाच जण घेणार म्हणालेत. पांढरी बाटली स्वतःची न्या, टूथब्रश जुना न्या, आणि खिडकीकडच्या रांगेत बसू नका, पोतं सरकलं की ऊन सरळ कागदावर येतं आणि रंग ब्रशवरच सुकतो.